पानफुटी आली जायफळाच्या जहाजातून

परदेशी रोपवाटिकेकडून आफ्रिकन व्हायोलेटचं एखादं दुर्मीळ वाण मागवायचं आणि एका पानापासून झाड उभं करायचं, हा छंद आपल्याकडे नवा आणि मोठ्या शहरांतला समजतात. मला ते पटत नाही. भंडाऱ्यात मोरीच्या पाण्यावर, तुळशीच्या आसपास, परसातल्या फुटक्या माठात एक आफ्रिकी झाड कितीतरी पिढ्या नांदतं आहे. तेही पानापासूनच वाढतं, आणि एका हौशी संग्राहक बाईमुळेच ते या देशात आलं. ते झाड म्हणजे पानफुटी.

व्हायोलेटची कुळकथा जाणकारांना पाठ असते, म्हणून थोडक्यात सांगतो. पूर्व आफ्रिकेतल्या उसाम्बरा डोंगरातून वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर या जर्मन अधिकाऱ्याने 1892 च्या सुमारास ते वडिलांकडे पाठवलं. हॅनोव्हरजवळच्या हेरेनहाउझेन बागेच्या हेरमान वेंडलांड यांनी 1893 मध्ये त्याचं सेंटपॉलिया असं बारसं केलं. बियाणं एरफुर्टच्या बेनारी पेढीकडे गेलं, 1920 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आर्माकोस्ट अँड रॉयस्टन रोपवाटिकेने त्यातून निवडक वाणं काढली आणि 1946 मध्ये अमेरिकेत व्हायोलेटप्रेमींची संस्था उभी राहिली. तेव्हापासून पानांची देवघेव थांबलेली नाही.

मला अडवलं ते एरफुर्टने. तिथून वायमार जेमतेम वीस-बावीस किलोमीटर, आणि वायमारमध्ये महाकवी गटे म्हातारपणी एका झाडाच्या प्रेमात पडला होता. त्याच्या पानाच्या काठावर फुटलेली पिल्लं तो मित्रांना पाठवायचा, ती कशी रुजवायची हेही कळवायचा. ते झाड होतं आपली पानफुटी. म्हणजे व्हायोलेटचं पहिलं बी विक्रीला निघालं त्याच्या सत्तरएक वर्षं आधी, त्याच परिसरात, आफ्रिकेकडच्या झाडाचं पिल्लू टपालाने मित्राला धाडायची रीत पडलेली होती. बेनारी पेढी 1843 ची, गटे गेला 1832 मध्ये. दोघांची गाठ पडली नाही, पण त्या भागातल्या बागप्रेमींच्या हाताला हे वळण आधीच लागलेलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

गटेकडे पानफुटी आली कुठून? इथे आपला देश मध्ये येतो. कोलकात्याच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या बागेचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी ती इंग्लंडला पाठवली, आणि 1805 मध्ये वनस्पतिज्ञ सॅलिसबरी यांनी लंडनमध्ये तिला ब्रायोफायलम हे नाव दिलं. कोलकात्यात ती 1799 मध्ये मोलुक्का बेटांवरून आली आणि ती आणवली लेडी क्लाइव्ह यांनी, अशी रॉक्सबर्ग यांची नोंद वनस्पतिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत येते. या हेन्रिएटा क्लाइव्ह म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हची सून. नवरा मद्रासचा गव्हर्नर आणि बाईंना झाडं, खडे, शंखशिंपले जमवण्याचं वेड.

मोलुक्का हे नाव वाचलं आणि मला धागा सापडला. 1796 मध्ये इंग्रजांनी ही बेटं डचांकडून घेतली. ती मोहीम मद्रासहूनच निघाली होती. कंपनीने लगेच क्रिस्टोफर स्मिथ या वनस्पतिज्ञाला तिथे नेमलं. काम एकच: जायफळ आणि लवंगेची रोपं जमवून कंपनीच्या बागांना पाठवायची. 1799 च्या आसपास मोलुक्काहून मद्रास-कोलकात्याकडे येणाऱ्या जहाजांवर रोपांच्या पेट्या होत्या त्या या मसाल्यांच्या. पानफुटी त्याच पेट्यांच्या सोबतीने आली असणार. तहान सोसणारी, माती नसली तरी जगणारी अशी दुसरी प्रवासी शोधून सापडायची नाही.

यावर पहिला आक्षेप वैद्यकाचा. मुतखड्यावर पानफुटीचं पान खायला सांगतात, आणि मुतखड्यावरचा पाषाणभेद तर चरकसंहितेत आहे. मग ही वनस्पती 1799 ची कशी? याचं उत्तर असं की पाषाणभेद या नावाखाली देशभर वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात. बहुतेक अभ्यासक हिमालयातली, खडकाच्या फटीत वाढणारी बर्जेनिया हाच खरा पाषाणभेद मानतात. ती मिळेना तिथे दक्षिणेत एक, बंगालात दुसरी अशी बदली झाडं आली, आणि पानफुटी त्या रांगेत मागाहून उभी राहिली. काम जुनं, कामकरी नवा.

दुसरा आक्षेप पोर्तुगीजांचा. काजू, अननस, पपई त्यांनी आणली, मोझांबिकही त्यांच्याच ताब्यात, मग समोरच्या मादागास्करची पानफुटी गोव्यामार्गे का आली नसेल? हा तर्क वजनदार आहे. पण रॉक्सबर्ग 1776 पासून हिंदुस्थानात होते. कोलकात्याला जाण्याआधी त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावर वर्षानुवर्षं वनस्पती गोळा केल्या. पानफुटी दोन शतकं किनाऱ्यावर पसरलेली असती तर त्या माणसाने तिला मोलुक्काची पाहुणी म्हटलं नसतं. मूळ घराबाबत मात्र रॉक्सबर्ग चुकले. ते मोलुक्का नव्हे, मादागास्कर. डचांचा एके काळी मॉरिशसवर ताबा होता आणि मोलुक्काही त्यांचीच. 1786 मध्ये वनस्पतिज्ञ लामार्कने या झाडाचं शास्त्रीय वर्णन केलं तेही मॉरिशसच्या नमुन्यावरून. माझ्या मते तिला पूर्वेला नेलं ते डच जहाजांनीच.

कोलकात्याहून भंडाऱ्याला यायला तिला फार खटपट पडली नसावी. बंगाल-नागपूर रेल्वे भंडाऱ्याजवळच्या वरठीवरून गेली, आणि पानफुटीला कुंडी लागत नाही; पिशवीत पडलेलं एक पान पुरतं.

पानफुटी आणि व्हायोलेट, दोघींची पानं शेजारी ठेवून पाहावीत. पानफुटीच्या काठाला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत पिल्लाची तयारी आधीपासून असते. पान गळून ओलीवर पडलं की झालं. व्हायोलेटच्या पानात अशी तयारी नसते. देठ इंचभर ठेवून तिरका कापायचा, कोकोपीटमध्ये खोचायचा, वरून मिठाईचा पारदर्शक डबा पालथा घालायचा. महिना-दोन महिन्यांनी कापाशी उंदराच्या कानाएवढी पानं वर येतात. हुबेहूब आईसारखी. ठळक अपवाद कायमेरा वाणाचा. त्याच्या पाकळीवर मधोमध पट्टा असतो, कारण झाडाच्या थरांचा वाणच वेगवेगळा. पानातून पिल्लू काढलं तर पट्टा हरवतो, म्हणून बगलेतला फुटवा किंवा फुलाचा दांडाच रुजवावा लागतो. परदेशी रोपवाटिका कायमेराचे दाम जास्त लावतात ते यामुळे.

लेडी क्लाइव्हच्या पानफुटीला कुणी कागद विचारले नाहीत. आज 2003 च्या वनस्पती विलग्नवास आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. हौशी मंडळी यावर कुरकुरतात. पण हीच पानफुटी गालापागोस बेटांवर मोकाट सुटली आहे, तिथल्या मूळ झाडांच्या जागा बळकावते आहे. एका पानात केवढी ताकद असते हे आपल्या परसातच दिसतं, तेव्हा ही तपासणी हवीच.

व्हायोलेटकडून तसली भीती नाही. भंडाऱ्याचा पंचेचाळीस अंशांचा मे तिला उघड्यावर एक दुपारही जगू देणार नाही. कूलरच्या खोलीत, पाण्याच्या डबीतून वातीने ओलावा देऊनच ती तगते. त्यामुळे तिचं टिकणं माणसांवर अवलंबून आहे. रीतसर आलेलं वाण एकाच घरात राहिलं तर एका उन्हाळ्यात संपू शकतं. ते दहा घरांत वाटलेलं बरं. पानफुटी या देशात टिकली ती मागणाऱ्याला पान तोडून देणाऱ्या हातांमुळे, आणि व्हायोलेटही इथे टिकेल ती तशीच.