पर्यावरण-अर्थतज्ज्ञ, शासनसेवेतील

जंगल, पाणी, हवा आणि जमीन यांचा जो उपभोग बाजारात दाम न मोजता होत राहतो, त्याचे मूल्य ठरवून ते सरकारच्या जमाखर्चात, करआकारणीत आणि प्रकल्पांच्या मंजुरीत उतरविण्याचे काम करणारा अर्थशास्त्रज्ञ. विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ आपल्या सिद्धांताशी इमान राखून मोकळा होऊ शकतो. याला मात्र फायलीवरील टिपणी मुदतीत वर पाठवावयाची असते, आणि ती वाचणारा अंमलदार बहुधा शेवटचा आकडा तेवढा पाहतो, ही या पेशाची मूळ अडचण होय.

भारतीय आर्थिक सेवा १९६१ मध्ये स्थापन झाली. अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या उमेदवारांची निवड तीत केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. पर्यावरण-अर्थतज्ज्ञ अशी निराळी श्रेणी या सेवेत नाही. आज पर्यावरण मंत्रालयात असलेला अधिकारी उद्या वित्त किंवा कृषी मंत्रालयात जातो, आणि विषयाची खरी जाण असलेली माणसे पुष्कळदा संशोधनसंस्थांतून, एखाद्या समितीच्या निमित्ताने, दफ्तरात येतात.

मराठी मुलखात या कामाचा आद्य नमुना म्हणून धनंजय रामचंद्र गाडगीळ यांच्या पाहणीकडे बोट दाखविता येईल. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष लाभांबरोबर अप्रत्यक्ष लाभांचीही मोजदाद केलेली होती. सरकारने बांधलेल्या कालव्याचा हिशेब केवळ पाणीपट्टीच्या वसुलावर करू नये, हा त्यामागील विचार आज साधा वाटतो; पण पुढे अप्रत्यक्ष लाभ मोजता येतात तर अप्रत्यक्ष हानी का नाही, हा प्रश्न त्यातूनच उभा राहणार होता. गाडगीळ १९६७ ते १९७१ या काळात नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. हानीची बाजू विजय परांजपे यांनी टेहरी (१९८८) व नर्मदा (१९९०) धरणांच्या मूल्यमापनांत मांडली, पण तीही सरकारी खुर्चीवरून नव्हे, बाहेरून.

या गणितातील कळीचा शब्द म्हणजे वटावाचा दर. तीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मोल दसादशे १० दराने जेमतेम पावणेसहा रुपये भरते, तर ४ दराने सुमारे ३१ रुपये. झाड सावकाश वाढते व खाण लवकर पैसा देते. तेव्हा हा दर कोणी ठरविला, एवढे समजले तरी अर्धा निकाल समजतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मधील आदेशानुसार कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने वनांच्या निव्वळ वर्तमान मूल्याची पद्धत सुचविली, आणि २००८ मध्ये न्यायालयाने वनेतर कामासाठी वळविलेल्या जंगलाचा दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असा प्रतवारीनुसार मुक्रर केला. अभयारण्यांत तो पाचपट, राष्ट्रीय उद्यानांत दहापट. २०२२ मध्ये हे दर ९.५७ लाख ते १५.९५ लाखांपर्यंत वाढविण्यात आले. मात्र मोल ठरले म्हणजे ते कोणाच्या खात्यावर जमा होते हेही ठरले, असे नव्हे. २०१६ च्या कायद्यानुसार ही रक्कम प्रतिपूरक वनीकरणाच्या निधीत जाते व तिचा नव्वद टक्के हिस्सा राज्यांकडे येतो. त्या जंगलावर जगणाऱ्या कुटुंबाचे नाव त्या जमेच्या बाजूला नसते.

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर मंडल या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. गोंड, कोलाम, बंजारा आणि मराठी बोलणाऱ्या समाजांच्या या मुलखात चैत्राच्या सुमारास बायका मोहाच्या झाडाखालची जमीन आधीच झाडून ठेवतात आणि उजाडण्यापूर्वी टोपली घेऊन तेथे हजर होतात. फुले अंगणात वाळतात, काही व्यापाऱ्याकडे जातात, बाकी घरात राहतात. व्यापाऱ्याच्या तराजूत पडला तेवढाच मोहा आकडेवारीत येतो. याच मंडलातील खामदेवाच्या जत्रेत पौष पौर्णिमेस तोडसम कुळातील आत्याने घरोघरी काढलेले तिळाचे तेल प्राशन करण्याची चाल आहे. या तेलाचा भाव बाजारात विचारून काय हाती लागेल?

या मुलखातील पहिले हिशेबनीस अर्थशास्त्रज्ञ नव्हतेच. निजामी अमदानीत गोंडांच्या पुष्कळ जमिनी ‘सिवाय जमाबंदी’ म्हणून कसल्या जात, म्हणजे नांगर चाले पण पट्टा नसे. पडीत टाकलेले शेत रिकामे समजून राखीव जंगलात घेतले जाई. १९४० मध्ये जोडेघाट येथे गोंडांच्या बंडाचा पुढारी कोमराम भीम मारला गेल्यावर सरकारला जाग आली, मानववंशशास्त्रज्ञ हैमेंडॉर्फ यांना पाचारण झाले आणि पुढे जमिनींचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले. याच सुमारास मराठीचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी या जिल्ह्यात अंमलदार म्हणून आले. ते गोंडी शिकले आणि त्यांनी त्या भाषेचे व्याकरणही लिहिले. जमीन कोणाच्या नांगराखाली आहे हे मूल्य ठरविण्याआधी विचारले पाहिजे, ही गोष्ट या मंडळींना कळली होती. नंतरच्या तज्ज्ञांना ती पुन्हा शिकावी लागली.

नीती आयोगाच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षी तालुका उपक्रमात नार्नूरचा समावेश आहे. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती, पायाभूत सुविधा आणि सामाजिक विकास हे त्याचे विषय. जंगलाला स्वतंत्र रकाना नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी वनवासींना दिली, आणि २००९ च्या परिपत्रकाने वनजमीन वळविण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरविली, त्या परिपत्रकानुसार अर्थतज्ज्ञाचा आकडा ग्रामसभेच्या ठरावाला पर्याय होऊ शकत नव्हता. नार्नूरप्रमाणेच गोंडांची वस्ती असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. तेव्हापासून तेथील बांबूचा पैसा ग्रामसभेच्याच खात्यावर जमा होऊ लागला.