पुण्याचें एंजिनियरिंग कॉलेज व तेथील नवे पदवीधर

कॉलेजांत नव्यानें येणाऱ्या विद्यार्थ्यांस संस्थेची ओळख करून देण्याचा प्रघात अलीकडे सर्वत्र पडला आहे, व तो चांगला आहे. पहिल्या आठवड्यांत त्यांना प्रयोगशाळा दाखवितात, ग्रंथालयाचे नियम सांगतात, प्रबंधाची मुदत बजावतात, वसतिगृहांतील जेवणाच्या वेळाहि कळवितात. इतकें सारें झाल्यावर एक गोष्ट मात्र बहुधा सांगावयाची राहते : ही संस्था कोणीं, कोणाकरितां व कोणत्या हेतूनें काढली. पदवीच्या पहिल्या वर्गांत येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलास ती ठाऊक नसली तरी त्याचें फारसें अडत नाहीं. पण एक पदवी पदरांत पडल्यावर जो पुन्हां दोन वर्षें, किंवा डॉक्टरेटकरितां त्याहूनहि अधिक वर्षें, विद्यार्थी होऊन राहावयास येतो त्याचें अडतें, असें आमचें मत आहे. कां अडतें तें पुढें दिसेल. उदाहरणादाखल आम्ही पुण्याचें एंजिनियरिंग कॉलेज घेतों. कारण तें आपल्या घरचें, आणि त्याचा इतिहास वाटतो तितका सरळ नाहीं.

१८५३ च्या एप्रिलांत मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. १८५४ च्या एप्रिलांत उत्तरेकडे गंगेच्या कालव्यांत पाणी सोडलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मुंबई सरकारनें ‘पूना एंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ उघडलें. ह्या तारखा एकापुढें एक मांडल्या म्हणजे शाळेचा हेतु निराळा सांगावा लागत नाहीं. रस्ते, पूल, कालवे, सरकारी इमारती यांचीं कामें एकाएकीं वाढलीं होतीं, आणि प्रत्येक कामावर विलायतेहून माणूस आणून बसवावयाचा तर तो फार महाग पडे. तेव्हां जमिनीची मोजणी करणारे, नकाशे उतरून घेणारे, बांधकामाचे अंदाज व हिशेब ठेवणारे दुय्यम नोकर येथेंच तयार करावे, असें ठरलें. ‘दुय्यम’ हा शब्द आमच्या पदरचा नव्हे. शाळेच्या स्थापनेचा हेतु म्हणून तोच सांगितला जात असे, आणि त्यांत कोणाला कांहीं लपविण्यासारखें वाटत नव्हतें.

जातां जातां एक गोष्ट सांगून ठेवतों. पुण्याचा हा वर्ग निघण्यापूर्वीं सुमारें तीस वर्षें, म्हणजे १८२३ च्या सुमारास, मुंबईंत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं एंजिनियर इन्स्टिट्यूशन नांवाची एक शाळा निघाली होती. तिच्यांत देशी भाषांतून शिकवीत, आणि त्यासाठीं जर्व्हिस यांनीं शास्त्री मंडळींच्या साहाय्यानें मराठींत गणिताचीं पुस्तकें सिद्ध केलीं. ही शाळा दहा वर्षेंहि धड टिकली नाहीं. मराठी गणिताच्या परिभाषेचा आरंभ शोधूं पाहणाऱ्यास तिच्यापाशीं थांबावेंच लागतें. एंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यास मात्र तिचें नांवहि ऐकूं येत नाहीं. पुण्याचें दार उघडलें तोंवर ही विद्या इंग्रजींतूनच शिकावयाची हें ठरून गेलें होतें.

१८६५ च्या ५ ऑगस्ट रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं नव्या इमारतीची कोनशिला बसविली. कावसजी जहांगीर रेडीमनी या दानशूर पारशी गृहस्थांनीं देणगी दिली. आणि १८६८ त संगमाजवळची ती दगडी वास्तु पुरी झाली. मध्यंतरीं १८६६ त कॉलेज मुंबई विद्यापीठास जोडलें जाऊन तेथें एल्. सी. ई. ची परीक्षा सुरू झाली. ‘लायसेन्शिएट’ म्हणजे परवाना मिळालेला. ह्या शब्दांतच त्या वेळचा सारा दृष्टिकोन आहे : काम करण्याची मुभा देतों, विद्येचा स्वामी झालास असें म्हणत नाहीं. पुढें १८७२ पासून १९०६ पर्यंत वरच्या जागांसाठीं इंग्लंडांत कूपर्स हिल येथें निराळें कॉलेज चाललें होतें. पुण्यास शिकलेल्याच्या डोक्यावरचें छत किती उंचीवर आहे, हें त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असे.

अशा संस्थेंत जिज्ञासेला जागा कशी मिळाली? ती कोणीं ठराव करून दिली नाहीं. एकेक माणूस आला व त्यानें ती करून घेतली. १८६५ सालींच प्रिन्सिपॉल होऊन आलेले थिओडोर कुक हे त्यांपैकीं पहिले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे हे पदवीधर १८६० त हिंदुस्थानांत आले ते बी. बी. सी. आय. रेल्वेचे एंजिनियर म्हणून, आणि वसईचा लोखंडी पूल ही त्यांची त्या नोकरींतली कामगिरी. पुण्यास त्यांनीं १८९३ पर्यंत, म्हणजे सुमारें अठ्ठावीस वर्षें, प्रिन्सिपॉलकी केली. तेवढ्या काळांत ह्या पूल बांधणाऱ्या गृहस्थांना सह्याद्रींतील झाडाझुडपांचा जो नाद लागला तो अखेरपर्यंत सुटला नाहीं. १८९१ त पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पति-पाहणीचें काम त्यांच्याकडे आलें. सेवानिवृत्त होऊन विलायतेस गेल्यावर त्यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो दोन खंडांचा ग्रंथ रचला, तो १९०१ पासून १९०८ पर्यंत भागाभागानें प्रसिद्ध झाला. पुढें स्वतंत्र हिंदुस्थानांत त्याचें पुनर्मुद्रण करावें लागलें, आणि आजहि सह्याद्रींत हिंडणारा वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी तो उघडल्यावांचून पुढें सरकत नाहीं. (कोनशिला बसविणाऱ्या फ्रिअरसाहेबांचें नांवहि शिवनेरीच्या परिसरांतील एका दुर्मिळ वनस्पतीस चिकटलें आहे. ‘फ्रिरिया इंडिका’ ती हीच. आपले लोक तिला शिंदळ माकुडी म्हणतात. मात्र हें नांव कुक यांनीं दिलेलें नव्हे, तें डॅल्झेल यांचें.)

धरणाच्या भिंतीची जाडी काढावयास शिकविणाऱ्या संस्थेचा गवताच्या जाती निवडण्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध इतकाच कीं, जें आपल्याला कोणीं विचारलेलें नाहीं तें आपण होऊन शोधावें, ही खोड कुक यांना होती. त्यांच्याच कारकीर्दींत शेतकी व जंगल यांचे वर्ग तेथें निघाले व कॉलेजला ‘कॉलेज ऑफ सायन्स’ हें नांव मिळालें, याचें मग नवल वाटत नाहीं. हें नांव एकंदरींत तीस वर्षांवर टिकलें. आमच्या मतें त्या संस्थेला मिळालेल्या सर्व नांवांत तें अधिक उदार होतें.

ह्याच सायन्स कॉलेजांत मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या आले. ते १८८१ त बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजांतून बी. ए. होऊन, म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति घेऊन आलेले. म्हणजे पदवी घेऊन पुन्हां विद्यार्थी झालेले तेहि एक. १८८३ त ते एल्. सी. ई. ला पहिले आले. पहिल्याला असिस्टंट एंजिनियरची जागा ठरलेलीच असे. ती त्यांनीं १८८४ त मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत स्वीकारली. येथपर्यंतचा वृत्तांत कोणत्याहि हुशार मुलाचा असावा तसाच आहे. आजकाल पदव्युत्तर वर्गांत येणारे बहुतेक चांगल्या नोकरीवर नजर ठेवून येतात, अशी तक्रार आमचे कांहीं सहव्यवसायी करतात. आम्हांस ती पटत नाहीं. विश्वेश्वरय्याहि नोकरीसाठींच आले होते. नोकरींत गेल्यावर त्यांनीं काय केलें, हें पाहण्यासारखें आहे.

खडकवासल्याचें धरण १८७९ त पुरें झालेलें. पुण्याची वस्ती व कालव्याखालील बागाईत वाढली तसें त्यांतील पाणी अपुरें पडूं लागलें. सरळ उपाय म्हणजे भिंत उंच करणें. त्याला पैसा लागतो, आणि जुन्या दगडी भिंतीवर अधिक पाण्याचा भार किती घालावा हाहि विचार असतो. विश्वेश्वरय्यांनीं दुसरा उपाय काढला. धरण भरल्यावर जेथून जादा पाणी वाहून जाई त्या सांडव्यावर त्यांनीं आपोआप चालणारे दरवाजे बसविले. पूर्वीच्या पातळीवर सुमारें ८ फूट पाणी हे दरवाजे अडवून धरीत. पाणी त्याहून चढूं लागलें कीं माणसाचा हात न लागतां उघडत, व पूर ओसरला कीं आपले आपण मिटत. १९०३ सालची ही गोष्ट.  नीरेच्या कालव्यावर पाणी कमी लोकांना भरमसाट न देतां पुष्कळ गांवांना आळीपाळीनें कसें पुरवावें, याची त्यांनीं बसविलेली ‘ब्लॉक’ पद्धतिहि अशाच चौकशींतून निघाली. छत कोठें आहे हें त्यांनीं ओळखलें होतें. लौकरच त्यांनीं ती नोकरी सोडली, व १९०९ त ते म्हैसूरचे मुख्य एंजिनियर झाले.

१९११ त कॉलेजचें नांव ‘कॉलेज ऑफ एंजिनियरिंग’ झालें, व त्याच सुमारास परवान्याच्या जागीं बी. ई. ची पदवी आली. त्याच वर्षीं बंगलोरास टाटांच्या देणगींतून उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेंत विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. ती संस्था पहिल्यापासूनच पदवीधरांकरितां होती. पुण्याची पदवीपाशींच थांबली. पुण्यांत संशोधन नव्हतें असें नव्हे. १९१६ सालीं शेतीच्या गरजेप्रमाणें पाटबंधाऱ्यांच्या पद्धतींत काय फेरफार करावे हें पाहण्यास मुंबई सरकारनें एक छोटीशी शाखा काढली. तिचेंच पुढें खडकवासल्याचें जल व विद्युत् संशोधनकेंद्र झालें. उघड्या जागेवर नद्यांच्या लहान प्रतिकृति करून, त्यांत पाणी सोडून, नदी कोणता कांठ खाईल व कोठें गाळ टाकील याचे प्रयोग तेथें सर क्लॉड इंग्लिस यांच्या नेतृत्वाखालीं झाले. म्हणजे कॉलेज संगमावर आणि जिज्ञासा खडकवासल्यास, अशी ही विभागणी झाली. अंतर थोडक्या मैलांचें. पण विद्यार्थ्याला तें ओलांडावयास बरीच वर्षें लागलीं.

ह्या विभागणीची किंमत काय पडली तें १९६१ सालाकडे पाहिलें म्हणजे कळतें. थॉमस कैलाथ हे पुण्यांत जन्मलेले. १९५६ त ते येथून टेलिकम्युनिकेशनचे बी. ई. झाले. कुमार पटेल बारामतीचे. ते १९५८ त झाले. दोघेहि पुढील अभ्यासास अमेरिकेस गेले, एक मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत, दुसरे स्टॅन्फर्डला; आणि १९६१ त दोघांनाहि डॉक्टरेट मिळाली. कैलाथ स्टॅन्फर्डला प्राध्यापक होऊन संदेशशास्त्राचे धुरीण ठरले. पटेल यांनीं बेल प्रयोगशाळेंत १९६४ त कार्बन डायऑक्साइडचा लेसर जगापुढें ठेवला. तो आज कारखान्यांत पोलाद कापतो आणि शस्त्रक्रियागृहांत मांस कापतो. त्यांच्या कर्तृत्वांत पुण्याचा वांटा आहे, व कॉलेजला त्याचा अभिमान वाटणें योग्यच आहे. पण ज्या वयांत माणूस स्वतःचा प्रश्न शोधतो त्या वयांत त्यांना बसावयास येथें टेबल नव्हतें, हेंहि तितकेंच खरें.

त्याच १९६१ च्या १२ जुलै रोजीं पानशेतचें धरण फुटलें. काम अपुरें असतां पहिल्याच पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठलें होतें. तो लोंढा खालीं खडकवासल्यास आला, ती जुनी भिंत फुटली, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. ज्या घरांत त्या दिवसाची आठवण नाहीं असें जुनें पुणेरी घर विरळा. शंभरीला पोंचलेले विश्वेश्वरय्या तेव्हां हयात होते. पुढील वर्षीं एप्रिलांत ते वारले. पानशेतच्या दोषांची वांटणी करण्याचें हें स्थळ नव्हे. मातीचें धरण अर्धवट असतां भरलें तर त्याच्या पोटांतील मोरीवर काय ताण येतो, हा प्रश्न मात्र आकड्यांच्या तक्त्यांतून सुटणारा नव्हता, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं. तो आधीं कोणी तरी विचारावा लागतो, आणि विचारणाऱ्याला तो वरिष्ठांपुढें धरून ठेवण्याचें बळ असावें लागतें.

पदव्युत्तर वर्ग व संशोधन हीं स्वातंत्र्योत्तर काळांत कॉलेजांत हळूहळू रुजलीं. २००३ नंतर संस्थेस स्वायत्तता आली, आणि २०२२ च्या जूनांत तिचें स्वतंत्र तंत्रशास्त्रीय विद्यापीठ झालें. आतां अभ्यासक्रम आंखणें व पदवी देणें हें तिच्याच हातीं आहे. आज तेथें एम्. टेक्. ला येणारा विद्यार्थी ‘गेट’ परीक्षा देऊन येतो, पहिलें वर्ष तासांत व परीक्षांत घालवितो, आणि दुसऱ्या वर्षीं त्याला प्रबंधाचा विषय निवडावयाचा असतो. पुष्कळदां विषय गुरुजींकडे तयारच असतो, व तो घेऊन मोकळें व्हावें असा मोह होतो. मोह स्वाभाविक आहे; १८५४ पासून त्या जागेची संवयच तशी आहे. ज्याला ती मोडून पाहावयाची असेल त्यानें दुसरें वर्ष उजाडण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं खडकवासल्यास जावें, नदीच्या प्रतिकृति पाहण्याची परवानगी मिळाल्यास त्या पाहाव्या, धरणाचा सांडवा दुरून न्याहाळावा, आणि परत येतांना ग्रंथालयांतून कुकसाहेबांचा एक खंड मागून घ्यावा. तो तेथें नसेल तर शेतकी कॉलेजांत विचारावें.