दूध, रक्त आणि उंदरांचे पिंजरे

आश्विन सरत आला की आमच्या कंधारच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या येऊन बसतात. बालाघाटाच्या माळावरचे हे फळ. डोळे उघडले की पिकले, एवढे शास्त्र आम्हा सर्वांना येते. पण याच सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांतील गुणसूत्रांचा अभ्यास करणारी एक तरुणी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात होती, आणि १९४३ साली त्या विषयात एम.एस्सी. होऊन ती पुढे स्तनाच्या कर्करोगाकडे वळली, हे किती जणांना ठाऊक असेल? डॉ. कमल रणदिवे हे तिचे नाव. झाडाच्या पेशीपासून बाईच्या दुखण्यापर्यंतची ही वाट दिसते तितकी आडवळणाची नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : मागची पिढी पुढच्या पिढीच्या पदरात काय टाकते?

हा प्रश्न आमच्याकडे प्रयोगशाळेत नव्हे, बैठकीत विचारला जातो. काही वर्षांपूर्वी गावातील एक बाई या रोगाने गेल्या. त्यांची थोरली मुलगी माझ्या वर्गात बसून गेलेली. मुलगी चांगली, घर चांगले. पाहुणे आले, पोहे झाले, बोलणी ठरत आली, आणि मग कोणीतरी पाहुण्यांच्या कानाला लागले. ‘आईला होते म्हणे. लेकीला होणारच.’ स्थळ मोडले. तेव्हापासून मी या विषयावर हाती लागेल ते वाचू लागलो. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, भाषा शिकवणाऱ्या मास्तराला हा उद्योग कोणी सांगितला, असे कोणी विचारील. पण ‘होणारच’ या शब्दातला तो ‘च’ मला सोसवेना.

कमलाबाई माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७चा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींनाही शिकवायचेच, असा त्यांचा बाणा होता. हुजूरपागेत आणि नंतर फर्ग्युसनमध्ये कमल शिकली. वडिलांच्या मनात होते की हिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरच नवरा करावा. मुलीने दोन्ही गोष्टी नाकारल्या. वनस्पती आणि प्राणी हे विषय तिने धरले आणि १९३९ साली गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केले. पुढच्या शिक्षणात तिला नवऱ्याचा भक्कम हात मिळाला. लग्न झाले की मुलीची वही मिटते, हा अनुभव मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे. म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मुंबईला आल्यावर त्या परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात काम करू लागल्या. १९४१च्या फेब्रुवारीत हे रुग्णालय उघडले होते. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर नावाचे भारदस्त रोगनिदानशास्त्रज्ञ होते. कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक आढळतो, तंबाखू कशी खाल्ली जाते, लग्ने कोणत्या वयात होतात, असे प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतर समाजांहून जास्त दिसतो, हे त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नोंदींतून पुढे आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विषय होता स्तनाचा कर्करोग. साधन होते पांढरा उंदीर.

उंदरांची ही कथा त्याआधी अमेरिकेत सुरू झाली होती. मेन संस्थानातील बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळेत सख्ख्या बहीणभावंडांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या करीत उंदरांची शुद्ध घराणी तयार केली होती. अशा वीसेक पिढ्या झाल्या की घराण्यातला एकेक उंदीर जणू दुसऱ्याची नक्कल होतो. काही घराण्यांत बहुतेक माद्यांना स्तनाची गाठ होई, काहींत जवळजवळ कोणालाच नाही. १९३३ साली या प्रयोगशाळेने एक चमत्कारिक गोष्ट जाहीर केली. रोगी घराण्याची आई आणि निरोगी घराण्याचा बाप, तर लेकी रोगी; उलट बाप रोगी घराण्यातला आणि आई निरोगी, तर लेकी बहुतांशी ठीक. रक्तातला वारसा आईबापांकडून सारखाच यावयाचा. मग हा पक्षपात कसला? १९३६ साली जॉन बिटनर यांनी उकल केली. रोगी आईची पिले जन्मताच उचलून त्यांनी निरोगी आईच्या अंगावर पाजली, आणि रोग पुष्कळच घटला. दोष दुधात होता. पुष्कळ काळ त्याला ‘दुधातील घटक’ असे मोघम नाव होते. पुढे तो विषाणू ठरला.

म्हणजे आईने लेकीला दिलेल्या दोन गोष्टी, रक्त आणि दूध, प्रथमच सुट्या करून पाहता आल्या. दाई बदलून नशीब बदलते का, हा आपल्या कहाण्यांतला प्रश्न पिंजऱ्यात येऊन बसला म्हणा ना!

कमलाबाईंचे काम नेमके या ठिकाणी पुढे सरकते. विषाणू आहे एवढ्याने भागत नाही, हे त्यांनी पाहिले. घराणे कोणते, मादी किती वेळा व्याली, तिच्या अंगातील स्त्री-संप्रेरके कोणत्या वेळी कशी वाढतात, स्तनाच्या ऊतींची घडण कशी आहे, या साऱ्यांचे एकमेकांशी नाते काय, हे त्या तपासू लागल्या. कर्करोग होण्याची प्रवृत्ती संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परसंबंधाशी बांधलेली आहे, असे सांगणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. तिथे वाढवलेल्या, स्तनाच्या गाठी मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या उंदरांच्या एका घराण्याला केंद्राच्याच आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हे नाव पडले. उंदीर सांभाळणे म्हणजे काय, हे घरात धान्य ठेवणाऱ्यांना हसू येण्याजोगे वाटेल. पण एकेका मादीची वंशावळ लिहून ठेवायची, आणि एक चुकीची जोडी लागली की वर्षांची मेहनत वाया.

डॉक्टरेटनंतर त्या शिष्यवृत्तीवर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत, माणसाच्या पेशी जगवणारा हा गृहस्थ. ढोलासारख्या फिरत्या यंत्रात नळ्या बसवून तो पेशींना पोषक रस पाजत असे. त्या रसात कोंबडीचे रक्तद्रव्य, नाळेचे रक्त, असले काय काय. १९५१ साली त्याच्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णी बाईच्या गाठीतल्या पेशी अखंड वाढू लागल्या. बाई त्याच वर्षी गेल्या, पेशी अजून जगभर वाढत आहेत. त्या घेताना बाईंना कोणी विचारले नव्हते. ही विद्या शिकून कमलाबाई परत आल्या आणि त्यांनी मुंबईच्या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली या प्रकारची ती पहिली. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या कार्यवाह संचालकही होत्या.

उंदरांत दूध, तर माणसांत काय? १९७१ साली अमेरिकेतील डॅन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने तपासले. परळच्याच केंद्रातील, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निष्णात अशा सत्यवती सिरसाट या कामात होत्या. दुधात उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळल्याचे जाहीर झाले आणि एकच खळबळ उडाली. दुधावरच संशय! पण पुढे हा धागा टिकला नाही. आईच्या दुधातून बाळाला स्तनाचा कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट, अंगावर पाजणाऱ्या बाईलाच या रोगाचा धोका काहीसा कमी होतो, हे आज पक्के कळले आहे. आमच्या भागातल्या बायांना हे एवढे एक वाक्य कळले तरी माझा लेख कारणी लागला.

मग राहिले रक्त. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी कुटुंबात चालत येणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचे एक जनुक माणसाच्या सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९४ साली ते हाती लागले, पाठोपाठ १९९५ साली दुसरे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यांची नावे. धड असताना ही जनुके पेशीतील मोडतोड दुरुस्त करतात. बिघडली की दुरुस्ती अडते. पण हिशोब नीट ऐका. स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी असे वारशाचे पाच ते दहाच. आईत असा बिघाड असला तरी तो लेकीकडे येण्याचा संभव निम्मा. आणि आला तरी धोका खूप वाढतो, पण रोग ठरलेला नसतो. आणखी एक : हे जनुक बापाकडूनही येते. स्थळ मोडणाऱ्यांनी मुलीच्या आत्याची चौकशी कधी केली होती काय?

वारसा म्हटले की आपल्याला रोगच आठवतो, हाही एक अन्याय आहे. आमच्या जगत्तुंग सागरातल्या माशाला बर्फ ठाऊक नाही. पण दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राचे पाणी शून्याखाली १.९ अंशांपर्यंत उतरते, आणि साध्या माशाचे रक्त शून्याखाली एक अंश होण्याआधीच गोठू लागते. तरी तिथे मासे सुखाने पोहतात. १९६९च्या सुमारास आर्थर डेव्हरीज यांनी त्यांच्या रक्तातील किमया शोधली : एक प्रथिन बर्फाच्या बारीक कणांना चिकटून त्यांना वाढूच देत नाही. १९९७ साली कळले की हे प्रथिन बनवणारे जनुक मुळात अन्न पचवणाऱ्या एका पाचकाच्या जनुकापासून घडले. पचनाचा तुकडा थंडीच्या कामी आला. आणि गंमत अशी, की हेच प्रथिन जास्त प्रमाणात असेल तर गोठताना बर्फ सुईसारखा वाढून पेशी फोडतो. म्हणून गाठ गोठवून मारताना त्याची मदत होते का, हे प्रयोगशाळेत उंदरांवर करून पाहिले गेले. तो नेहमीचा उपचार झालेला नाही. फिरून उंदीरच!

कमलाबाईंचे बाकीचे काम भराभर सांगतो. कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळवलेल्या ज्या जंतूपासून पुढे लस करण्यात आली, तो खानोलकर-बापट-रणदिवे यांनी १९५८ साली जगापुढे ठेवला होता. १९७३ साली सहकारी स्त्रियांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. १९८२ साली पद्मभूषण झाले. निवृत्तीच्या वयात त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करीत आणि खेड्यांतल्या बायांना आरोग्याच्या गोष्टी सांगत. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या.

२०२१च्या ८ नोव्हेंबरला, दिवाळीच्या सुट्टीतच, गूगलच्या पानावर सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या एका बाईंचे चित्र आले. शेजारचा पोरगा फोन घेऊन ओसरीवर आला आणि म्हणाला, “सर, ह्या बाई कोण?” मी त्याला पाटीतले एक सीताफळ दिले आणि खाली बस म्हणालो.