चामड्याला टाक्यांची भोकं पाडणारं मशीन नेमकं काय करतं? आणि कोल्हापुरी चपलेला ते का चालत नाही?

चप्पल तुटली की आपण म्हणतो, शिलाई उसवली. पण तुटलेली चप्पल जरा जवळ धरून बघा. बऱ्याचदा दोरा शाबूत असतो आणि चामडंच फाटलेलं असतं, तेही बरोबर टाक्यांच्या भोकांच्या रांगेतून.

म्हणजे बूट असो वा चप्पल, तिचं आयुष्य दोऱ्याइतकंच भोकावरही अवलंबून असतं. भोक कुठे पाडलं, किती अंतरावर पाडलं आणि कशाने पाडलं, हे तीन प्रश्न बूट बनवणाऱ्यांना कायम पडत आलेत. त्यासाठी गेल्या दोनशेहून अधिक वर्षांत वेगवेगळी मशीन निघाली. तरीही आपल्याकडची अस्सल कोल्हापुरी आजही हातातल्या आरीनेच शिवली जाते. असं का, ते समजून घेऊ.

भोक आधी का पाडावं लागतं?

कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं असतं. सुई आत शिरली की धागे बाजूला सरकतात आणि सुई निघाली की जवळपास पुन्हा जागेवर येतात. म्हणून शिंपी चुकलेली शिलाई उसवून परत घालू शकतो.

चामड्याचं तसं नाही. त्यात तंतू सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. तिथे पडलेलं भोक कायमचं. टाका चुकला तर दोरा काढता येतो, भोक काढता येत नाही.

दुसरी अडचण जाडीची. बुटाच्या तळाचं चामडं कित्येक मिलिमीटर जाड आणि ठोकून घट्ट केलेलं असतं. साधी सुई त्यात वाकते किंवा मोडते. म्हणून चर्मकार हे काम दोन भागांत करतो. आधी आरीने भोक पाडायचं, मग त्यातून दोरा ओवायचा.

अंतराचंही गणित आहे. भोकं फार जवळ घेतली तर ती रांग पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते आणि ओढ बसली की त्याच रेषेत फाटते. फार लांब घेतली तर दोन टाक्यांमध्ये फट राहते. म्हणून वरच्या पातळ चामड्याला बारीक आणि जवळचे टाके, तर जाड तळाला मोठे आणि लांबचे टाके घालतात.

टोचलेलं भोक आणि कापून काढलेलं भोक

पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून घेताना तुम्ही पंच बघितला असेल. तो चामड्याची गोल टिकली कापून बाहेर काढतो. बक्कल किंवा बुटाची नाडी यांच्यासाठी हे ठीक आहे, कारण तिथे भोक उघडंच राहायला हवं.

टाक्यासाठी मात्र ते उपयोगाचं नाही. टिकली निघून गेली की दोऱ्याभोवती मोकळी जागा राहते. दोरा हलतो, घासतो आणि पाणी आत शिरतं.

आरी वेगळं काम करते. तिचं टोक चपटं किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचं असतं. ती चामडं काढत नाही, तंतू बाजूला सारून फक्त चीर पाडते. दोरा ओढून घट्ट केला की चामडं त्याला आवळून धरतं. चीर थोडी तिरकी पाडली तर शेजारच्या दोन चिरा एका सरळ रेषेत येत नाहीत, त्यामुळे फाटण्याचा धोकाही कमी होतो.

मशीन किती प्रकारची?

साध्यापासून सुरुवात करू.

१. दात्यांचा ठसा: काट्या-चमच्यातल्या काट्यासारखं दिसणारं लोखंडी हत्यार. चामड्यावर ठेवून वरून ठोकलं की ठरलेल्या अंतरावर खुणा किंवा चिरा उमटतात.

२. दात्यांचं चाक: मुठीला बसवलेलं छोटं चाक. चामड्यावरून फिरवलं की टाक्यांच्या खुणा पडत जातात. भोक मग आरीने पाडायचं.

३. हाताने दाबायचं मशीन: टेबलावर बसवलेला दांडा खाली ओढला की दात्यांची पूर्ण रांग एकाच दाबात चामड्यातून आरपार जाते. ठोकाठोकी नाही आणि भोकं सरळ उभी पडतात. पुढची शिलाई हाताने, दोन सुयांनी करता येते.

४. डाय: कारखान्यात बुटाचे भाग साच्याने कापतात. त्याच साच्यात टोकं बसवली की कापणं आणि भोक पाडणं एकाच वेळी होतं.

५. तळ शिवायचं मशीन: यात आरी आणि सुई दोन्ही असतात. आरी भोक पाडते, चामडं एक टाका पुढे सरकवते आणि मागोमाग सुई त्याच भोकातून दोरा नेते. म्हणजे चर्मकाराच्या दोन हातांची कामं मशीन एका फेरीत करतं.

६. चामडं शिवायचं साधं मशीन: पातळ चामड्यासाठी वेगळी आरी लागत नाही. सुईचंच टोक पात्यासारखं धारदार असतं.

हल्ली लेझरनेही भोकं पाडतात. संगणकावर नक्षी द्यायची, मशीन तशीच्या तशी उतरवतं. फक्त लेझर चामडं जाळत जातं, त्यामुळे भोकाच्या कडा काळपट होतात.

शिलाई मशीनचा जन्मच चामड्यासाठी

शिलाई मशीन म्हटलं की आपल्याला कापड आठवतं. पण शिलाई मशीनचं सर्वात जुनं म्हणून ओळखलं जाणारं सविस्तर पेटंट चामड्याशी जोडलेलं आहे.

१७९० मध्ये लंडनच्या थॉमस सेंट या फर्निचर बनवणाऱ्या कारागिराने ते घेतलं. त्याच्या रचनेत आधी आरी खाली येऊन चामड्याला भोक पाडायची. मग टोकाला खाच असलेली सुई दोरा त्या भोकातून खाली ढकलायची आणि खाली साखळी टाका तयार व्हायचा. चर्मकाराचे हात जे करत होते, तेच त्याने यंत्रात उतरवलं.

पण हे पेटंट बूट बनवणं, रोगण अशा इतर गोष्टींसोबत नोंदवलेलं होतं. त्यामुळे शिलाईचं मशीन म्हणून ते जवळपास विस्मरणात गेलं. १८७० च्या दशकात न्यूटन विल्सन यांना ते सापडलं आणि त्यांनी आराखड्यात काही दुरुस्त्या करून त्याची प्रतिकृती बनवली.

मधल्या काळात जग पुढे गेलं होतं. १८४६ मध्ये अमेरिकेत एलियास होव यांनी टोकाला नेढं असलेल्या सुईच्या मशीनचं पेटंट घेतलं. १८५८ मध्ये लायमन ब्लेक यांनी बुटाचा वरचा भाग तळाला शिवणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. त्या मशीनचा एक हात थेट बुटाच्या आत जायचा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात सैनिकांना प्रचंड संख्येने बूट हवे होते, तेव्हा ही मशीन झपाट्याने पसरली. बूट बनवणं घरातून कारखान्यात गेलं ते याच काळात.

मग कोल्हापुरी हातानेच का?

आता आपल्याकडे येऊ. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावतात. तळासाठी जाड, मुख्यतः म्हशीचं चामडं वापरतात. आणि महत्त्वाचं म्हणजे पारंपरिक कोल्हापुरीत खिळा नसतो आणि तळ शिवायला सुती किंवा नायलॉनचा दोराही नसतो. तिथे वापरतात वादी, म्हणजे चामड्याचीच बारीक पट्टी.

खरी मेख इथेच आहे. दोरा गोल असतो, वादी चपटी असते. गोल भोकात वादी सैल बसते. तिला तिच्याच रुंदीची चीर लागते. शिवाय वनस्पतींनी कमावलेलं चामडं एकसारखं नसतं. पाठीकडचं घट्ट आणि पोटाकडचं सैल. कुठे किती जोर लावायचा, हे कारागिराच्या मनगटाला कळतं. मशीनचा दाब मात्र सगळीकडे सारखाच.

या कामात अख्खं घर असतं. बऱ्याच घरांत तळ कापणं आणि ठोकणं पुरुष करतात, तर पट्ट्या, वेणी आणि नाजूक शिवण बायका करतात. दिवसभर खाली बसून, मान वाकवून जाड चामड्यात आरी घुसवायची, तर बोटं, मनगट आणि कंबर सगळ्यावर ताण येतो. म्हणून मशीनच नको, असं म्हणणं बाहेरून सोपं आहे. वरच्या पट्ट्यांची भोकं हातदाब्याच्या मशीनने पाडली तर वेळ आणि हात दोन्ही वाचू शकतात. चपट्या पात्यांचे दाते बनवले तर वादीची चीरही पाडता येईल.

कारागिराचं जास्त नुकसान करते ती नक्कल. रेक्झिन किंवा हलकं चामडं, गोंदाने चिकटवलेला तळ, वरून शोभेपुरती मशीनची शिलाई आणि नाव मात्र कोल्हापुरी. ही चप्पल स्वस्त पडते, आणि गिऱ्हाईक तोच भाव हाताच्या चपलेला मागतं.

जीआय आणि प्राडाचा वाद

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाल्याचं जाहीर झालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. मानांकन दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. महाराष्ट्राचं 'लिडकॉम', म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, १९७४ पासून काम करतंय.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला दाखवल्या आणि सोशल मीडियावर गदारोळ झाला. पण जीआय मुख्यतः नावाचं रक्षण करतो. प्राडाने तेव्हा 'कोल्हापुरी' हे नाव वापरलं नव्हतं. याविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. दाद मागायची तर ती मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी मागावी, अशी न्यायालयाची भूमिका होती.

वाद उठल्यावर प्राडाने या चपलांची प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांसोबत करार होऊन, महाराष्ट्र आणि कर्नाटकात सुमारे २,००० जोड बनवायचं ठरलं. एका जोडाची किंमत साधारण ८०० युरो. गावच्या बाजारात काही शे ते काही हजार रुपयांना मिळणारी चप्पल परदेशी दुकानात इतकी महाग विकली जाते, तेव्हा त्यातला किती पैसा आरी धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचतो, हे बघत राहायला हवं.

घेताना काय बघाल?

• चप्पल उलटी करा. तळाला चामड्याच्या वादीचे टाके दिसायला हवेत. ते थोडे लहानमोठे असतील तर चांगलंच, हाताचं काम असंच असतं.

• खिळे किंवा नायलॉनचा दोरा दिसला तर ती पारंपरिक पद्धतीची नाही.

• कडेने बघा. चामड्याचे थर वेगळे ओळखू येतात. रेक्झिनचा पापुद्रा आणि खाली फोम दिसला तर नक्कल.

• लिडकॉमने २०२५ मध्ये अस्सल चपलांसाठी क्यूआर कोड आणला. असेल तर स्कॅन करून बघा.

• नवी कोल्हापुरी सुरुवातीला चावते. थोडं तेल लावून रोज थोडा वेळ घाला, चामडं पायाचा आकार घेतं.

आणि एक खास कोकणवाल्यांसाठी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. राजापूर तालुक्यातल्या नाट्यासारख्या समुद्रकाठच्या गावात पावसाळ्यात कोल्हापुरी घालणं म्हणजे तिची वाट लावणं. पाणी आधी शिरतं ते टाक्यांच्या चिरांमधूनच. चामडं फुगतं, वादी सैल पडते आणि दमट हवेत बुरशी धरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर ती तेलाचा हात देऊन, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. भिजलीच तर सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको. चामडं कडक होऊन टाक्यापाशीच तडकतं.

तळाचा एखादा टाका सुटला तर लगेच चर्मकाराकडे न्या. भोकं शाबूत आहेत तोवर नवी वादी ओवून चप्पल पुन्हा उभी राहते. भोकं फाटली की मग कितीही चांगला दोरा आणा, त्याला धरायला चामडंच उरत नाही.