बाबराची घडियाल आणि कोटींची घड्याळं

शिरूरच्या शाळेत भाषेच्या तासाला 'घडी' हा शब्द निघाला. उर्दूत घडी म्हणजे सरळ घड्याळ. मराठीत घडी कपड्याचीही असते आणि संसाराचीही. तेवढ्यात एका पोराने विचारलं, "सर, एक स्विस घड्याळ सात लाखांना आणि दुसरं चार कोटींना, असं कसं? दोन्ही भारीच असतात ना?" प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर मात्र स्वित्झर्लंडपासून सुरू होत नाही.

1526 मध्ये पानिपत जिंकून बाबर हिंदुस्थानात आला, तेव्हा इथली वेळ मोजण्याची पद्धत त्याने बारकाईने लिहून ठेवली. दिवस-रात्रीचे आठ पहर आणि साठ घड्या. एक घडी म्हणजे आजची 24 मिनिटं. बुडाला भोक असलेलं भांडं पाण्यावर सोडायचं. ते भरलं की घडी झाली, आणि टांगलेल्या जाड पितळी थाळीवर ठोका पडायचा. ती थाळी म्हणजे घडियाल, ठोका देणारा घडियाली. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात घटिकापात्र सोडत, तेही हेच. 'त्याची घटका भरली' असं आपण म्हणतो, ती याच भांड्याची.

बाबराला यात एक उणीव दिसली. रात्री जाग आलेल्या माणसाने तीन-चार ठोके ऐकले, तर कितवी घडी ते कळे, पण पहर कोणता ते कळत नसे. म्हणून त्याने हुकूम दिला की घडीचे ठोके झाल्यावर थोडं थांबायचं आणि मग पहराचे ठोके द्यायचे. पहिल्या पहराच्या तीन घड्या झाल्या असतील, तर तीन ठोके, विश्रांती, एक ठोका. बादशहा झाला तरी अंधारात कूस बदलत 'किती वाजले असतील' म्हणणारा माणूसच होता तो!

सुमारे दीडशे वर्षांनी लंडनमध्ये याच अडचणीवर खिशात मावणारा तोडगा निघाला. कळ दाबली की ठोके देऊन वेळ सांगणारं घड्याळ कोणाचं, यावर एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर यांच्यात वाद झाला. 1687 मध्ये राजा दुसरा जेम्स याने क्वेअरच्या बाजूने कौल दिला. त्याचंच पुढचं रूप म्हणजे मिनिट रिपीटर. बारीक आवाजाच्या आणि जाड आवाजाच्या दोन तारा यंत्राभोवती वळवलेल्या असतात. 12 वाजून 59 मिनिटांनी कळ दाबा: जाड आवाजात बारा ठोके, मग प्रत्येक पंधरा मिनिटांसाठी एक अशा तीन जोड्या, मग बारीक आवाजात चौदा. रचना बाबराचीच. मोठं माप आणि लहान माप वेगवेगळं ऐकवायचं.

तास-मिनिटांपलीकडे घड्याळ जे काही जास्तीचं करतं, त्याला या धंद्यात कॉम्प्लिकेशन म्हणतात. सगळी कॉम्प्लिकेशन्स एका भावाची नसतात, याचं मुख्य कारण मला वाटतं असं: काही कामं यंत्रावर सोपवता येतात, काही नाही. रिपीटरची तार कारीगर कानाने ऐकत कानशीने घासतो. केसभर जास्त घासली गेली की ते पोलाद परत येत नाही. बाहेरची डबी कशाची, यावरही आवाज बदलतो. प्लॅटिनम महाग, पण आवाज दाबून टाकतं. पाटेक फिलिप कंपनी सांगते की प्रत्येक रिपीटर बाहेर पडण्याआधी तिचे अध्यक्ष स्वतः ऐकतात. असं काम वर्षाला फार निघत नाही, म्हणून किंमत कोटींत जाते.

उलट, महिना 30 चा की 31 चा आणि लीप वर्ष कोणतं हे ओळखणारं कायमचं कॅलेंडर घ्या. त्याच्या चाकांचे दाते एकदा आखून झाले की यंत्र ते हजार वेळा कापतं. 2016 मध्ये फ्रेडरिक कॉन्स्टंटने असं घड्याळ दहा हजार फ्रँकच्या आत, म्हणजे तेव्हाच्या दराने सात लाख रुपयांहूनही कमी किमतीत आणलं. तेच कॅलेंडर पाटेककडून घेतलं तर कितीतरी पट मोजावे लागतात. त्यात नावाचे पैसे आहेतच. पण पुलाच्या आतल्या कोपऱ्यांना हाताने पैलू पाडल्याचेही आहेत, जे घड्याळ उघडल्याशिवाय नीट दिसतसुद्धा नाहीत.

आणि गिऱ्हाईक थोडं असलं तर? 2020 मध्ये पार्मिजियानीने हिजरी कॅलेंडरचं मनगटी घड्याळ केलं आणि जिनिव्हात त्याला नावीन्याचा पुरस्कार मिळाला. तीस वर्षांचं चक्र, त्यात 355 दिवसांची अकरा वर्षं. जुन्या आराखड्यातलं फारसं काही चालणार नव्हतं, आणि नव्या आखणीचा खर्च मोजक्याच घड्याळांवर वाटला जाणार. तरी ते घड्याळ हिशोबाने चालतं. 29 रमजानला आमच्याकडे माणसं गच्चीवर जाऊन चंद्रच शोधतात.

तुर्बियाँ हा ब्रेगेचा शोध, पेटंट 1801 चं. पूर्वी मोजकेच कारीगर तो बनवू शकत. आता चिनी कारखान्यांतून हजारोंच्या भावात मिळतो. तरीही टायटनने 2025 मध्ये 'जलसा' नावाचं तुर्बियाँ घड्याळ काढलं ते साडेचाळीस लाखांना, फक्त दहा नग. त्याच्या संगमरवरी तबकडीवर जयपूरच्या शाकिर अली यांनी हाताने हवामहल रंगवला आहे. फरक चाकांपेक्षा त्या ब्रशात जास्त आहे.

कधी किंमत वापरणाऱ्याचीही असते. गांधीजींचं झेनिथचं खिशातलं घड्याळ, त्याला एकच सोय, गजराची. चष्मा, चपला आणि थाळी-वाटीसह ते मार्च 2009 मध्ये न्यूयॉर्कला 18 लाख डॉलरना गेलं.

दुसऱ्या टोकाला हेन्री ग्रेव्ह्ज या अमेरिकन बँकरचं पाटेक. 1925 मध्ये सांगितलं, 1933 मध्ये हातात आलं, 24 कॉम्प्लिकेशन्स. त्याने 60 हजार फ्रँक दिले होते. 2014 च्या लिलावात ते 2 कोटी 32 लाख फ्रँकना गेलं. त्यात सूर्योदय-सूर्यास्तही आहेत, पण फक्त न्यूयॉर्कचे. सूर्यास्त गावागणिक बदलतो. मुंबईपेक्षा दौंडला तो सुमारे सात मिनिटं आधी होतो, शिरूरला सहा. म्हणून मुंबईचं इफ्तारचं वेळापत्रक इथे चालत नाही. दौंडच्या रोजेदाराला मशिदीतून फुकट मिळणारं छापील पत्रकच लागतं.