पोटगी कोणत्या राज्याची? अमेरिकेतील एका कायदेशीर पेचाचा इतिहास (थ्रेड)

१/ घटस्फोटानंतर आई एका राज्यात, वडील दुसऱ्या. मुलाच्या पोटगीची रक्कम बदलून हवी असेल, तर दाद कोठे मागावी? अमेरिकेत कौटुंबिक कायदा मुख्यतः राज्यांच्या हाती असल्याने हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

२/ राज्याबाहेर गेलेल्या पालकाकडून पोटगी वसूल व्हावी, म्हणून १९५० साली राज्यांसाठी एक समान कायदा आखला गेला. परंतु त्यानुसार दुसऱ्या राज्याचे न्यायालय जुना हुकूम रद्द न करता स्वतःचा नवा हुकूम देऊ शके. परिणामी एकाच मुलासाठी वेगवेगळ्या रकमांचे अनेक हुकूम एकाच वेळी जिवंत राहत.

३/ १९७८ चा कुल्को खटला. वडील न्यूयॉर्कमध्ये, आई कॅलिफोर्नियात. तिने तेथील न्यायालयात वाढीव पोटगी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : मुलीला आईकडे राहू दिले, एवढ्यावरून वडील कॅलिफोर्नियाच्या अधिकारकक्षेत येत नाहीत.

४/ १९८६ च्या केंद्रीय कायद्याने थकबाकी मागाहून कमी करण्याचा मार्ग बंद केला. अर्जाची सूचना दुसऱ्या पक्षाला मिळाल्यानंतरच्याच रकमेत बदल शक्य राहिला. म्हणजे नोकरी गमावलेला पालक योग्य न्यायालय शोधत राहिला, तर दरमहा त्याचे देणे वाढतच जाई.

५/ १९९२ च्या नव्या समान कायद्याने सूत्र घातले : एका वेळी एकच हुकूम. आई, वडील वा मूल यांपैकी कोणीही मूळ राज्यात राहत असेल, तोवर बदलाचा अधिकार सामान्यतः त्याच राज्याचा.

६/ आणि तिघांनीही ते राज्य सोडले असेल तर? मग बदल मागणाऱ्याने साधारणपणे समोरच्याच्या राज्यात जावे. घरच्या मैदानाचा लाभ कोणालाच नाही. दोघेही एकाच नव्या राज्यात असतील, तर निर्णय तेथेच. मात्र पोटगीची मुदत मूळ राज्याच्याच कायद्याने ठरते. न्यूयॉर्कमध्ये ती साधारणपणे वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत असते. तेथून स्थलांतर केल्याने ती १८ वर आणता येत नाही.

७/ १९९६ मध्ये केंद्राने आपल्या निधीसाठी हा कायदा स्वीकारण्याची अट घातली. मुदत १ जानेवारी १९९८. राज्यांनी तो स्वीकारला. तत्त्वाने जे साधले नव्हते, ते अनुदानाने साधले. आईवडिलांनी राज्य बदलले, तरी मुलाच्या हक्काचा हुकूम एकच राहिला.