हे कशावरून?

पारोळ्याचा भुईकोट किल्ला कोणी बांधला, असे गावात कोणालाही विचारा. उत्तर तयार असते : हरी सदाशिव दामोदर यांनी, १७२७ साली. आता पुढचा प्रश्न विचारा, हे कशावरून? येथे बहुतेकांची गाडी अडते. फार तर कोणी म्हणेल, गॅझेटिअरात आहे. खानदेशचे गॅझेटिअर निघाले १८८० साली, म्हणजे या सालानंतर दीडशे वर्षांनी. इंग्रज गॅझेटिअरकारांनीही ही हकीकत ऐकीव म्हणूनच नोंदली. पुढे एकाचे पाहून दुसऱ्याने लिहिले, त्यात 'म्हणतात' हा शब्द गळाला आणि साल तेवढे उरले. ते साल खोटेच आहे, असे माझे म्हणणे नाही; परंतु ऐकीव गोष्ट शंभरदा छापली, तरी तिचा पुरावा होत नाही.

मग पुरावा पाहायचा कुठे? पुष्कळदा तो ग्रंथांपेक्षा संशोधन-नियतकालिकांतल्या लेखांत सापडतो. लेखक एकच प्रश्न घेतो, कागद पुढे ठेवतो आणि तळटीपेत तो कागद कुठला हे सांगतो. ही पद्धत १६६५ साली पॅरिस आणि लंडन येथे निघालेल्या नियतकालिकांपासून वाढत आली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे नियतकालिक १८४१ पासूनचे. आपले बाळशास्त्री जांभेकर त्यात प्राचीन लेखांवर लिहीत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी ते धुळ्यास वारले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याचे 'संशोधक' त्रैमासिक खानदेशच्या अभ्यासकाला घरचेच आहे.

पण अडचण अशी, की पुस्तकाचे नाव पाठीवर दिसते, लेख मात्र अंकाच्या पोटात दडलेला असतो. त्यासाठी सूची लागते. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, ती १९४४ साली प्रसिद्ध झाली. आजचा संगणकावरचा 'डेटाबेस' म्हणजे अशीच एक सूची समजा. फरक इतकाच, की अनेक डेटाबेसमध्ये लेखाच्या नावाबरोबर आतला शब्दन् शब्द शोधता येतो. 'जेस्टोर' हा असा एक संग्रह. ग्रंथालयांची कपाटे जुन्या अंकांनी भरून वाहू लागली, त्यावर उपाय म्हणून तो १९९५ साली अमेरिकेत सुरू झाला. भांडारकर संस्थेचे 'ॲनल्स' आणि भारतीय इतिहास परिषदेची कार्यवृत्ते त्यात आहेत. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'एन-लिस्ट' योजना महाविद्यालयांसाठी आहे, आणि त्याच केंद्राच्या 'शोधगंगा'वर पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात. आपले महाविद्यालय योजनेत असेल तर ग्रंथपालांकडून परवलीचा शब्द मागून घ्या. ग्रंथपालांना विचारण्यात कमीपणा कसला!

आता शोधायचे कसे ते पाहा. नुसते 'जळगाव' घातले तर जुने लेख हाती लागणार नाहीत, कारण १९०६ साली खानदेशचे दोन भाग झाले आणि १९६० पर्यंत आपला जिल्हा 'पूर्व खानदेश' होता. पारोळा तेव्हा अमळनेर तालुक्यातला पेटा. म्हणून 'अमळनेर'ही घालून पाहा. जुने इंग्रज खानदेशला 'कॅन्डीश' आणि धुळ्याला 'धुलिया' लिहीत. यंत्र बिचारे आपण दिलेलीच अक्षरे शोधते! गावाच्या नावाने काही मिळाले नाही, तर माणसाच्या नावाने जा. १८२१ साली पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज यांच्या खुनाचा प्रयत्न झाला. त्या धामधुमीत जहागीरदारांवर राजद्रोहाचा ठपका आला आणि इंग्रजांनी पारोळा घेतले. तेव्हा ब्रिग्ज हे नावही पारोळ्याची एक किल्लीच आहे. दोन शब्दांचे नाव अवतरणचिन्हांत घाला, सालांची मर्यादा घाला. एक चांगला लेख मिळाला, की त्याच्या तळटीपा वाचा. पुढचे चार लेख त्याच सांगतील.

एक इशारा मात्र ध्यानी ठेवावा. पडद्यावर काही आले नाही म्हणजे कोणी लिहिलेच नाही, असे समजू नका. या मोठ्या संग्रहांत इंग्रजीचा भरणा फार, मराठी नियतकालिके थोडी. आपल्या मुलखाविषयीचे पुष्कळसे लेखन मराठीत आहे, आणि त्यासाठी धुळ्याची वाट आजही धरावी लागते. पारोळ्याहून ती काही लांब नाही.

आपल्या गावाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहावा आणि आपण तो पाठ म्हणावा, हे दिवस आता सरले पाहिजेत. पूर्वी एका लेखासाठी पुण्या-मुंबईस जाऊन राहावे लागे. गरिबाच्या मुलाला ते परवडत नसे. आज त्यातला बराचसा भाग महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून वाचता येतो. तेव्हा किल्ल्याचे साल पुन्हा कोणी सांगितले, तर नम्रपणे विचारा, हे कशावरून? आणि उत्तर मिळाले नाही, तर ते शोधायला स्वतः बसा.